यजमान कोण?

'यजमान' हा शब्द आपण वर्गात अनेकदा शिकवतो आणि घरी त्याहून अधिक वेळा वापरतो. मुळात ते यज् धातूचे आत्मनेपदी रूप. यज्ञाचे फळ ज्याच्या पदरात पडायचे तो 'यजते'. त्याच्यासाठी समिधा रचणारे, आहुती देणारे, अग्नी राखणारे ऋत्विज मात्र 'यजन्ति', म्हणजे परस्मैपदी. क्रिया एकच, पण तिचे फळ कोणाला यावरून पद बदलते, असा पाणिनीचा दंडक आहे. मराठीत येता येता हा शब्द बराच ऐसपैस झाला. घरधनी तो यजमान, पाहुण्याची उठबस करणारा तोही यजमान. आणि जुन्या वळणाची बाई नवऱ्याचे नाव न घेता 'आमचे यजमान' म्हणते, ते तर सर्वांना ठाऊक आहे. या साऱ्या अर्थांमागे एक गृहीत आहे: घर ज्याचे, आतिथ्य त्याचे. कोकणकिनाऱ्यावर हे गृहीत आज तपासून पाहण्याजोगे झाले आहे, आणि ते तपासू लागले की आपल्या प्रवासवर्णनांकडेही निराळ्या नजरेने पाहावे लागते, असे मला वाटते.

कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या मार्गावरील आमच्या गावांत, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरात, चाळिशी-पन्नाशीतली अशी पुष्कळ नोकरदार दांपत्ये भेटतात ज्यांनी राहत्या घराचे हप्ते फिटताच किनाऱ्यावर दुसरे घर घेतले. अलिबाग, नागाव, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, दापोली ही नावे स्टाफरूममधल्या गप्पांत हमखास निघतात. आम्ही उभयता त्यांपैकीच. 2014 साली श्रीवर्धनला, समुद्रापासून दहा मिनिटांच्या चालीवर, एका तीनमजली इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. वर्षातून चार-पाच वेळा आम्ही तेथे जातो. एरवी तो पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिला जातो, आणि त्या भाड्यातून देखभाल वजा जाता जे उरते त्यावर आमची वर्षाची एक लांबची सहल होते. हंपी, माजुली, भूज अशा काही सहली त्या दोन खोल्यांनी आम्हांला घडवल्या. असा हा परस्परपूरक संसार आहे: एका गावी आपण पाहुणे, त्याच वेळी दुसऱ्या गावी आपल्या घरात कोणी पाहुणे. व्यवहार म्हणून यात गैर काही नाही. माझा प्रश्न एवढाच की, या व्यवहारात यजमान म्हणायचे कोणाला?

प्रथम साहित्याकडे वळू. विष्णुभट गोडसे 1857 साली पेणजवळच्या वरसईहून उत्तरेकडे निघाले ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, अशी वार्ता कानी आली होती. म्हणजे त्या प्रवासाच्या मुळाशीच एक यजमान आहे, आणि ती स्त्री आहे. पुढे बंडाच्या धामधुमीत गोडसे झाशीत अडकले. 1907 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'माझा प्रवास' आपण इतिहासाचा दस्तऐवज म्हणून वाचतो. पण ते आश्रयाचे पुस्तक म्हणूनही वाचता येते. कोणाच्या घरी उतरलो, तेथे काय जेवलो, कोणी निरोप दिला, कोणी दार उघडले, या गोष्टींना त्यात विलक्षण वजन आहे. ज्याचा जीव यजमानावर अवलंबून असतो त्याला यजमान स्पष्ट दिसतो.

पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील पुस्तक 1889चे. त्यात त्यांनी तेथील शासनव्यवस्थेइतकेच गंभीरपणे तेथल्या घरगुती व्यवस्थेकडेही पाहिले. घर कसे चालते आणि ते कोण चालवते, हा त्यांना समाज ओळखण्याचा मार्ग वाटला. पुढे अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (1940), गंगाधर गाडगीळांचे 'सात समुद्रापलीकडे' (1959) आणि पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' (1960) यांनी मराठी प्रवासवर्णनाला ललित लेखनाचा दर्जा मिळवून दिला. प्रवासी लेखकाचे व्यक्तिमत्त्व, त्याची तिरकस किंवा हळवी नजर हे वाचनाचे मुख्य आकर्षण झाले. ही मोठीच कमाई होती. परंतु त्यांच्या मागोमाग जी विपुल प्रवासवर्णने आली, विशेषतः सहल-कंपन्यांच्या काळात, त्यांत खोली 'स्वच्छ' असते, नाश्ता 'भरपेट' असतो आणि ती स्वच्छता करणारा, तो नाश्ता रांधणारा माणूस वाक्याबाहेरच राहतो. पैसे आधीच भरलेले असल्याने प्रवासी कोणावर अवलंबून नसतो, निदान त्याला तसे वाटते. यजमान दिसेनासा होण्याचे हे एक कारण असावे.

घर राखणारी माणसे मराठी साहित्यात नाहीत असे मुळीच नाही. पण ती दुसऱ्या कपाटात आहेत. गो. नी. दांडेकरांच्या 'पडघवली'तील (1955) अंबूवहिनी हे त्यांतले ठळक नाव. माणसे एकेक करून गाव सोडत असताना ती घर, आगर आणि रीतभात सांभाळत राहते. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (1985) तर वाड्याची पडझड आणि अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर हेच नाटकाचे बोलणे होऊन बसते. सुनीता देशपांड्यांच्या 'आहे मनोहर तरी'ने (1990) एका प्रसिद्ध संसाराची रोजची, कष्टाची बाजू वाचकांसमोर ठेवली, तेव्हा मराठी वाचक थोडा गांगरला होता. 'अपूर्वाई'चा हसरा प्रवासी आणि हे घर एकाच छपराखालचे आहेत, हे त्याच्या ध्यानी आले होते. प्रवासाचे साहित्य आणि राखणीचे साहित्य अशी आपली दोन दालने आहेत आणि त्यांमध्ये दार नाही. किनाऱ्यावरच्या भाड्याच्या घरात मात्र ही दोन्ही माणसे समोरासमोर येतात.

राखण म्हणजे काय, हे त्या घरात पाऊल ठेवेपर्यंत शहरी माणसाला कळत नाही. खारा वारा ही कवितेत प्रसन्न वस्तू आहे. बिजागऱ्यांच्या दृष्टीने ती दुष्टच. लोखंडी कडी दोन पावसाळ्यांत फुगते, पंख्याच्या पात्यांना पुळ्या येतात, एसीच्या बाहेरच्या यंत्राची जाळी हाताने चुरगळावी इतकी कुजते. बोअरचे पाणी मचूळ. त्याने नळांवर पांढरा थर चढतो आणि गिझरचे आयुष्य निम्मे होते. समुद्रावरून परतलेला प्रत्येक पाहुणा मूठभर वाळू न्हाणीत सोडून जातो, ती जाळीखाली साचते आणि आठवड्याभरात पाणी तुंबते. जूनपासून चार महिने खोली बंद राहिली तर गाद्यांना बुरशी धरते, चादरींना असा कुबट वास लागतो की तीन उन्हे दाखवूनही तो जात नाही. म्हणून पावसाळ्यातही दर दोन दिवसांनी कोणीतरी दारे-खिडक्या उघडाव्या लागतात, उघडीप मिळाली की गाद्या उभ्या कराव्या लागतात, कपाटात कापूर ठेवावा लागतो. कोकणात मृगाआधीच्या तयारीला 'आगोट' म्हणतात. लाकूडफाटा भरणे, कौले चाळणे, भिंतीला झापांचा आडोसा बांधणे ही जुनी आगोटीची कामे. फ्लॅटला कौले नसली तरी आगोट चुकत नाही. फक्त तिच्यात गच्चीची गळती, इन्व्हर्टरची बॅटरी आणि खिडक्यांचे रबर यांची भर पडली आहे.

हे सारे आम्ही बदलापुरात बसून करू शकत नाही, हे उघड आहे. कर्जत, खोपोली, पाली, माणगाव, म्हसळा असा रस्ता, म्हणजे रिकाम्या वाटेनेही निम्मा दिवस. हे करतात शेजारच्या आळीतल्या एक बाई. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. किल्ली त्यांच्याकडे, पाहुण्यांना दार उघडून देणे त्यांच्याकडे, सांगितल्यास पोहे, घावन किंवा माशाचे जेवणही त्यांच्याच चुलीवरचे. गावात कोणत्या दिवशी भरती कधी, कोठे पोहू नये, डॉक्टर कोण, हे त्या सांगतात. सुरुवातीच्या काळात त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "ताई, पाहुणे नसले तरी घर उघडत जाईन. माणसाचा राबता नसला की घर खचतं." हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडले. घर वापरल्याने झिजते, हा माझा समज होता. त्यांच्या मते ते न वापरल्याने झिजते.

3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धनची ख्याती रोठा सुपारीची. वाडीतली उंच, सडपातळ झाडे एका दुपारी काड्यांसारखी मोडली. नारळ उन्मळले, घरांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. टाळेबंदी चालू असल्याने जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. वीज गेलेली, फोन लागत नव्हते. कित्येक दिवसांनी वहिनींशी बोलणे झाले तेव्हा कळले की आमच्या खिडक्यांच्या काचा फुटून पाणी आत आले होते, आणि त्यांनी मुलाला घेऊन गाद्या उचलून ठेवल्या, खिडकीला ताडपत्री बांधली, पाणी उपसले. त्यांच्या स्वतःच्या घरावरचे निम्मे छप्पर तेव्हा उडालेले होते. वाडीतली बहुतेक सुपारी गेली होती. सुपारीचे रोप लावले की फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. म्हणजे त्या एका दुपारीत त्यांच्या पुढल्या कित्येक वर्षांचे उत्पन्न गेले. आमचे नुकसान काचांचे आणि एका टीव्हीचे. ते आम्ही दोन महिन्यांत भरून काढले.

त्या दिवसांत हिशेबाच्या वहीत त्यांच्या नावापुढे मी महिन्याची रक्कम लिहीत होते आणि ती कोणत्या कामाची, या रकान्यात 'देखभाल' असा शब्द होता. वादळात स्वतःचे छप्पर सोडून दुसऱ्याची खिडकी बांधणे हे 'देखभाल' या शब्दात बसते का? कायद्याच्या भाषेत त्या राखणदार, आम्ही मालक. कोकणात 'राखणदार' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. गावाची, वाडीची, जागेची राखण करणारे अदृश्य दैवत, ज्याला नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात, तोही राखणदार. जागेचा सातबारा कोणाच्याही नावावर असो, राखणदाराला विचारल्याशिवाय तेथे कुदळ मारायची नाही, असा जुना संकेत. श्रद्धा बाजूला ठेवली तरी त्यातली सामाजिक समज नेमकी आहे. मालकी आणि राखण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि राखणीचाही जागेवर एक हक्क असतो.

शासनाच्या कागदांतही ही समज अगदीच नाही असे नाही. 1975 साली स्थापन झालेल्या राज्य पर्यटन महामंडळाच्या घरगुती पर्यटनाच्या योजनेचे नावच 'निवास व न्याहरी' आहे. न्याहरी म्हटली की सकाळी पेटलेली चूल आली आणि ती पेटवणारे माणूस आले. ते त्याच घरात राहत असणार, हे गृहीत आले. किनारा नियमन क्षेत्राच्या 2019च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावरील स्थानिकांना आपल्या राहत्या घरात, त्याचा पाया, रचना आणि दर्शनी भाग न बदलता, पर्यटक ठेवण्याची मुभा आहे. येथेही कल्पना तीच: यजमान घरात राहतो, पाहुणा त्याच्याकडे येतो. आमच्यासारख्यांचे फ्लॅट या कल्पनेत कोठेच बसत नाहीत. आमच्या घरी पाहुणा येतो तेव्हा आम्ही सव्वाशे किलोमीटरहून अधिक दूर असतो, आणि आम्ही आमच्या घरी जातो तेव्हा किल्ली वहिनींकडून मागून घेतो. मग पाहुणे कोण?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्यच आहे: गावच्या लोकांनी जमिनी विकल्या म्हणून इमारती झाल्या, पर्यटनामुळे हातांना काम मिळाले, मोबदला ठरवून दिला-घेतला असता त्यात हळवेपणा कशाला आणायचा? पर्यटनाने रोजगार दिला हे मलाही मान्य आहे. वहिनींच्या मुलाची रिक्षा पाहुण्यांवरच चालते. पण आक्षेपातला 'मोबदला' हा शब्दच मला अपुरा वाटतो. पगारी माणूस काम करतो, काम संपले की त्याचा संबंध संपतो. यजमानाचा संबंध तसा संपत नाही. पाहुणा समुद्रात फार आत गेला तर किनाऱ्यावर उभे राहून हाका मारण्याचे काम कोणत्याही करारात लिहिलेले नसते, तरी ते कोणीतरी करत असते. ते काम घ्यायचे आणि हिशेबात न धरायचे, हे योग्य नव्हे.

बदलापूरकरांना तर हे सांगावे लागू नये. पावसाळ्यातल्या रविवारी कोंडेश्वरच्या धबधब्याकडे आणि बारवी धरणाच्या परिसरात लोंढे येतात, बाटल्या आणि थाळ्या टाकून जातात; दुर्घटना घडतात, मग मनाईचे आदेश निघतात. त्या रविवारी आपण यजमान असतो आणि पाहुण्यांविषयी जे बोलतो ते छापण्याजोगे नसते. पुढच्याच शनिवारी आपण किनाऱ्यावर पाहुणे होऊन जातो. पण याच गावाने 27 जुलै 2019 रोजी दुसरे दृश्यही पाहिले. उल्हास नदीच्या पुरात कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. हजाराहून अधिक प्रवासी बोटींतून सुखरूप बाहेर काढले गेले. त्या प्रवाशांनी या गावाचे तिकीट काढलेले नव्हते. तरी आसपासच्या वाड्या-वस्त्यांतले लोक मदतीला धावले. गोडसे भटजींच्या पुस्तकातला आश्रय याच जातीचा आहे.

आणि उल्हासनगरात तर 'दुसरे घर' या शब्दाचा अर्थच वेगळा. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत उतरली आणि 1949 साली त्या वसतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. माझ्या वर्गातल्या सिंधी मुलामुलींच्या पणजोबांचे दुसरे घर हौसेचे नव्हते. पहिले घर राखता येण्याची सोयच उरली नव्हती. 'सेकंड होम'च्या जाहिराती फळ्यावर लिहून त्यांच्या भाषेचे विश्लेषण करण्याचा एक तास मी घेते. त्या तासाला एका मुलीने विचारले होते, "मॅडम, यांत मालक नेहमी खुर्चीत बसून समुद्र बघताना दाखवतात. झाडू कोणाच्याच हातात कसा नाही?" पदव्युत्तर वर्गातही इतका नेमका प्रश्न क्वचित येतो.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. किनाऱ्यावर दुसरे घर ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांनी स्वतःला मालक म्हणावे. त्यात कमीपणा नाही. यजमानपद मात्र ज्याचे आहे त्याला द्यावे, आणि ते केवळ शब्दाने देऊन भागणार नाही. महिन्याच्या ठरीव रकमेऐवजी भाड्यात हिस्सा असावा, आगोटीच्या आणि बंद काळातल्या कामाचा वेगळा आकार असावा, पाहुणा कोणाला ठेवायचा वा नाकारायचा याचा निर्णय गावात राहणाऱ्या माणसाचा असावा. आम्ही 2021पासून असे करून पाहत आहोत. उत्पन्न थोडे घटले, सहल एका वर्षाआड गेली. वहिनींनी तीन वेळा पाहुणे नाकारले, आणि तिन्ही वेळा त्यांचा अंदाज बरोबर होता असे शेजाऱ्यांकडून कळले.

साहित्याच्या शिक्षकांना एक विनंती. प्रवासवर्णन हा प्रकार शिकवताना विद्यार्थ्यांना केवळ 'पाहिलेले स्थळ' लिहायला सांगू नये. आपल्या गावी आलेल्या पाहुण्यांविषयी, यजमानाच्या बाजूने, एक लेख लिहून घ्यावा. माझा अनुभव असा की, ज्यांनी कधी गाव सोडले नाही अशी मुले त्यात सर्वांत चांगले लिहितात. वांगणीच्या एका विद्यार्थ्याची आई पावसाळ्यात धबधब्याच्या वाटेवर मक्याची कणसे भाजून विकते. त्याने लिहिलेल्या पाच पानांत धबधब्याचे वर्णन दोन ओळींचे होते. उरलेल्यात माणसे होती, त्यांचे भाव करणे, भिजलेल्या नोटा, संध्याकाळी आईने गोळा केलेला कचरा. मराठी प्रवासवर्णनाला आज ज्या गोष्टीची उणीव आहे ती त्या पाच पानांत होती.

श्रीवर्धनच्या घरात अभिप्रायाची एक वही आहे. 'घर छान, समुद्र जवळ' यापलीकडे पाहुणे सहसा जात नाहीत. तिच्या पहिल्या पानावर पूर्वी आमची दोघांची नावे होती. आता तेथे 'मालक' या शब्दापुढे आमची नावे आहेत, आणि 'यजमान' या शब्दापुढे वहिनींचे. व्याकरणाच्या दृष्टीने पाहता ते रूप अजून पुरते आत्मनेपदी झालेले नाही. फळाचा मोठा वाटा अद्याप आमच्याकडेच येतो. ते पद पुरते बदलेपर्यंत निदान शब्द तरी योग्य माणसापाशी ठेवावा.